लाल रेघेच्या आत

"व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो छापायला देऊ नका हो. मूळ फोटो आणा," मारुती मंदिराजवळच्या फोटो लॅबमधला अजिंक्य पहिल्याच भेटीत म्हणाला होता.

वैष्णवीने ते कानाआड केलं. ती लॅबमध्ये शिरली होती तीच मुळी पावसाची सर चुकवायला. कडेवर लेक, दोघींच्या डोक्यावर एकच ओढणी... आणि काउंटरवर फोटोबुकचे नमुने दिसले. शमिकाच्या दुसऱ्या वाढदिवसाला असं एक हवंच!

"मोबाइलवर तर छान दिसतात."

"मोबाइलवर मीसुद्धा छान दिसतो," तो म्हणाला.

मग तिच्या फोटोंचं पहिलं नमुन्याचं पान छापून हातात आलं. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली शमिका, इस्पितळातल्या काचेच्या पेटीत. आणि तिच्या मुठीच्या जागी नुसता गुलाबी डाग.

"बोटं कुठे गेली हिची?" वैष्णवीचा आवाज चिरकला. काचेला नाक लावून तिने रोज तीच बोटं तर मोजली होती. अजूनही झोपलेल्या लेकीच्या नाकापुढे हात धरून श्वास बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

'मी सांगितलं होतं' असं अजिंक्य म्हणाला नाही. "आहेत बोटं. पाठवताना फोटो बारीक होतो ना, त्यात पुसली गेली. जुना फोन असेल तर आणा... शोधू आपण."

जुना फोन आईच्या कपाटात सापडला. केबल जोडली, आणि पडद्यावर ती मूठ उमटली. एकेक बोट, एकेक नख. वैष्णवीने डोळे टिपले. अजिंक्य उगाचच माऊस पुसत बसला.

मग फेऱ्या सुरूच झाल्या.

"छापल्यावर हा फोटो काळपट का दिसतो?"

"फोनचा उजेड पूर्ण वाढवून बघता ना? कमी करून बघा. कागदाला स्वतःचा उजेड नसतो."

"आणि माणसाला?"

"एखाद्याला असतो..." म्हणता म्हणता त्याचे कान लाल झाले.

घटस्फोटानंतर वैष्णवी आईकडेच राहत होती. आई, म्हणजे सगुणाबाई, टोचायच्या, "काय गो, एका पुस्तकाला किती फेऱ्या? त्यापेक्षा त्यालाच घरी आणून बसव!" आणि रविवारी त्यांनीच त्याला भाट्याच्या समुद्रावर बोलावलं. फोटोही त्यांनीच काढला. मध्ये शमिका, एका बाजूला वैष्णवी, दुसऱ्या बाजूला अजिंक्य. त्याचं बोट शमिकाच्या मुठीत घट्ट.

पुस्तकाची फाइल छापखान्यात पाठवायच्या दिवशी तो फोटो शेवटच्या पानावर होता. पण पानाच्या कडेने एक लाल रेघ होती, आणि अजिंक्य तिच्या बाहेर.

"ही रेघ कसली?"

"कटिंगची. बाहेरचं कापलं जातं."

"म्हणजे तुम्ही..." तिने रेघेवर बोट ठेवलं. "मुद्दाम?"

तो पडद्याकडेच बघत राहिला. "वाढदिवसाला सगळे नातेवाईक पुस्तक चाळणार. हा कोण, असं विचारणार... आणि तुम्हालाच विचारणार."

खरंच विचारणार होते. मामी तर जेवणाच्या पंगतीतच विचारणार. पुन्हा ती घटस्फोटाच्या वेळची कुजबुज... झेपेल? आणि उद्या हाही निघून गेला तर? शमिकाने कोणाचं बोट धरायचं?

ती पडद्याकडे वाकली. "असं कापलं तर शमूच्या हातात नुसतं बोट राहील."

"ते मी पुसून टाकतो. कळणारही नाही."

"तिला कळेल." वैष्णवीने शेजारी उभ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "मलाही. आत घ्या."

"कोणाला?"

"तुम्हाला. पूर्ण... आणि मामीला काय सांगायचं ते माझं मी बघते!"

त्याने मान वळवेपर्यंत ती लेकीला उचलून रस्त्यावर पोहोचलीसुद्धा.

संध्याकाळी फोन वाजला. त्याने शेवटचं पान पाठवलं होतं. तिघंही रेघेच्या आत, मधोमध. खाली मात्र एक शब्द नाही. तिने फोन केला... उचलत नाही. पुन्हा केला...

"भात करपला गो!" सगुणाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

रागावला असेल का? की घाबरला? की नुसताच लाल कानांनी पडद्यासमोर बसून राहिलाय? वैष्णवीला तर आता रात्रभर दोन-दोन माणसांचे श्वास मोजावे लागणार... म्हणून ही गोष्ट सांगणारी मी म्हणते, तुम्ही मारुती मंदिराच्या बाजूला राहत असाल, तर जरा त्या लॅबमध्ये डोकावून याल का? फाइलचं काही विचारू नका. तो बरा आहे ना, जेवला का... तेवढं बघा.