चौथं वर्तुळ

जंगलात नोकरी आहे म्हटलं की लोकांना वाटतं, मजा आहे बाई हिची. पाखरांचे आवाज, मोकळी हवा आणि वर पगार. मी त्यांना सांगत नाही की माझा निम्मा दिवस गुडघे टेकून पाचोळा वेचण्यात जायचा आणि उरलेला निम्मा मान वर करून कळ्या मोजण्यात. संध्याकाळी घरी आले की नणंद माझ्या केसांतून पानांचे तुकडे काढायची आणि माझी मुलगी ते एका डब्यात जमवायची. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हाच मी ही नोकरी धरली होती. नवरा मालाच्या गाडीवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर.

प्रयोग समजायला सोपा होता. काही दशकांनी हवा तापेल तेव्हा जंगलाचं काय होईल, ते आजच बघून ठेवायचं. त्यासाठी एका उतारावर सहा वर्तुळं आखली होती, प्रत्येक एखाद्या मोठ्या खोलीएवढं. तीन तशीच सोडलेली. उरलेल्या तिन्हींभोवती लोखंडी खांब आणि खांबांवर खाली तोंड केलेले हीटर. आत पाऊल टाकलं की इस्त्रीजवळ गाल नेल्यासारखं वाटायचं. बाहेरच्या झाडांच्या कळ्या अजून घट्ट मिटलेल्या असताना आतली झाडं पोपटी होऊन जायची.

"आत सगळं आधी होतं," मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "बाहेरच्यांना मागाहून कळतं."

मॅडम प्रयोगाच्या प्रमुख. साठीला टेकलेल्या, केस बारीक कापलेले, आणि उतार अशा चढायच्या की मागे आम्हालाच धाप लागायची. मी त्यांची सहायक. दुसरा सहायक लंबू. हीटरचे स्क्रू घट्ट करायला त्याला शिडी लागत नसे, म्हणून हे नाव. बोलणं बेताचं, खाणं भरपूर.

पहिल्यांदा जे झालं त्यावर आम्ही हसलो होतो.

लंबू चौथ्या वर्तुळात झाडाच्या खोडाला मोजपट्टी गुंडाळत होता. मी बाहेर बसून जेवणाचा डबा उघडत होते. तो शिंकला. लंबूची शिंक म्हणजे मांडणीवरून भांडी कोसळल्यासारखी, तिच्यात चूक होणं शक्य नाही. मी मान वर केली. तो शांतपणे पट्टी ओढत होता.

"सर्दी झाली का रे?"

"छे," तो म्हणाला, आणि शिंकला.

मग पाचोळा. एका सकाळी चौथ्या वर्तुळातली पानं हाताला ओली लागली. निथळत होती म्हणा ना. हीटरखाली ओल टिकतच नाही, आणि आकाश तर घासून ठेवल्यासारखं लख्ख. मॅडमनी एक पान उचललं, बोटांत चोळलं, वास घेतला. पाऊस दुपारनंतर आला.

त्यानंतर मातीतली ओल मोजणारं यंत्रही तसंच करू लागलं. पाऊस पडायच्या आधीच ते पाऊस दाखवायचं.

"घड्याळ बिघडलंय त्याचं," मॅडम म्हणाल्या आणि नवीन यंत्र मागवलं. नव्याचंही घड्याळ बिघडलं. त्याच सुमारास प्रयोगाचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि ठरल्याप्रमाणे हीटर आणखी वाढवले. यंत्राचं आधी आणि आपलं नंतर, यांतलं अंतरही वाढलं. हे मी आज सांगते आहे. तेव्हा आमच्यापैकी कुणी हे मोठ्याने बोललं नव्हतं.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. फीत धरून आम्ही चौथ्या वर्तुळातली रोपं मोजत होतो. एक टोक माझ्याकडे, बाहेर. दुसरं लंबूकडे, आत. माझं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे गेलं. नख काळंनिळं पडलेलं, कडेला सुकलेलं रक्त.

"अंगठ्याला काय झालं तुझ्या?"

"कुठे काय?" त्याने हात वर करून दाखवला. अंगठा सुजून टम्म झाला होता.

"अरे, एवढं लागलंय आणि..."

तो हात बघत खांबांमधून बाहेर आला. नख स्वच्छ होतं, गुलाबी. मी त्याचा हात हातात घेऊन उलटासुलटा केला. तो हसला. मीही हसले, पण त्याचा हात लगेच सोडला नाही.

काही दिवसांनी जीपचं दार वाऱ्याने आपटलं आणि त्याचा अंगठा मध्ये सापडला. तो ओरडलासुद्धा नाही. सरळ माझ्याकडे आला आणि हात पुढे केला.

"असंच होतं?"

मी बघितलं. नख, रक्त, सूज.

"असंच."

लंबूने मॅडमना सांगून टाकलं की तो चौथ्यात पाऊल ठेवणार नाही. कारण विचारलं तर खाली बघत राहिला. मॅडम माझ्याकडे वळल्या. मीही खालीच बघत होते.

"शिकलेली माणसं ना रे तुम्ही?" त्या चिडल्या नव्हत्या, त्यांना वाईट वाटलं होतं. "आणा ती फीत इकडे. उभे राहा इथे आणि बघा."

त्या दोन खांबांच्या मधून आत गेल्या.

आणि आत कुणी नव्हतं.

मला पलीकडचं झाड पूर्ण दिसत होतं. त्याची साल, सालीवरचे मुंगळे. पोपटी पानं हीटरच्या उष्णतेत थरथरत होती. पाचोळ्यावर पाय पडल्याचा आवाज नाही. माझ्या हातातलं फितीचं टोक कुणी ओढत नव्हतं. लंबू माझ्या शेजारी उभा होता. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग मॅडम दुसऱ्या बाजूने बाहेर आल्या, फितीचं दुसरं टोक हातात धरून.

"बघितलंत? झालं का काही मला?"

"नाही मॅडम," मी म्हणाले.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. लंबू म्हणाला, "त्यांची बदली होईल कदाचित."

"हो."

"नाहीतर प्रयोगच बंद पडेल."

"हो ना, तसंही होऊ शकतं."

त्याने काच वर केली, खाली केली, पुन्हा वर केली.

मी मॅडमना सांगायला हवं होतं का? पण काय सांगणार होते? तब्येत दाखवून घ्या, एवढं मात्र मी म्हणाले, एकदा चहा पिताना. त्या म्हणाल्या, "अगं, घोड्यासारखी आहे मी," आणि माझ्या मुलीसाठी एक रंगपेटी दिली.

बाहेरच्या झाडांना पालवी फुटली त्या आठवड्यात मॅडम गेल्या. उतार चढताना जरा बसते म्हणाल्या, खडकावर टेकल्या आणि तशाच राहिल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. लंबूने त्यांना एकट्याने उचलून जीपपर्यंत आणलं. रडलो आम्ही दोघंही. पण धक्का बसला असं मात्र म्हणता येत नाही, आणि त्याची लाज वाटते.

वरून निरोप आला की प्रयोग गुंडाळा, सामान परत पाठवा. शेवटच्या दिवशी नणंद तापाने झोपून होती आणि शाळेला सुट्टी. मुलीला बरोबर नेण्यावाचून इलाज नव्हता. उताराच्या पायथ्याशी आमची ऑफिसची खोली होती. तिथे तिला कागद आणि रंग देऊन बसवलं.

"मी येईपर्यंत या खोलीच्या बाहेर यायचं नाही. कबूल?"

"कबूल. पण तुझं चित्र काढलं तर?"

"तर आल्यावर बघीन."

शेवटची नोंद घ्यायची म्हणून हीटर सकाळपासून सुरूच होते. ती झाली आणि मी चढावर निघाले. वीज बंद करायची पेटी वर होती, चौथ्या वर्तुळाच्या वरच्या अंगाला. लंबू पेटीशी पोचला होता.

"आई!"

मी वळले. ती खालून पळत येत होती, कागद डोक्यावर धरून. वाट वळणावळणाची होती आणि ती सरळ माझ्याकडे निघाली होती. आमच्या मध्ये चौथं वर्तुळ होतं.

"थांब! तिथेच थांब!"

तिला तो खेळ वाटला. ती खिदळली आणि आणखी जोरात पळाली.

तिचा पाय खांबांच्या आत पडायच्या आधी मी पाठ फिरवली.

कुठल्या आईने असं करावं? पण मी केलं. डोळे गच्च मिटले. कान झाकावेत की उघडे ठेवावेत, कळेना. खिदळणं थांबलं होतं. हीटरची घरघर तेवढी येत होती.

"लंबू, बंद कर!"

काही झालं नाही.

"बंद कर ना रे!"

मी डोळे उघडले. तो माझ्या समोरच होता, पेटीशी, हात खटक्यावर ठेवलेला. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता, वर्तुळात. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटायच्या आत मी पुन्हा डोळे मिटून घेतले.

खट् झालं. घरघर मंदावत थांबली.

मग कमरेला दोन हात येऊन बिलगले. "आई, हे बघ ना. तू आहेस यात."

मी खाली बसून तिला कवटाळलं. तिचे केस गरम लागत होते. गाल, हात, गुडघे, सगळं मी चाचपून बघितलं. ती वैतागली. "अगं, चित्र चुरगळतंय!"

लंबू खाली आला. मी त्याला विचारणार होते. शब्द तोंडात तयार होते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड मिटलं.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. आजवर तो तिच्याशी धड चार शब्द बोललेला नव्हता. त्याने खिशातून फोन काढला.

"हिचा एक फोटो काढू?"

मी मान डोलावली.

"चित्र थोडं खाली धर," तो तिला म्हणाला. "चेहरा दिसू दे. हां, असं."

त्याने फोटो काढला. मग जरा जवळ सरकून आणखी एक काढला. मग उभा राहून एक, बाजूने एक. ती आधी हसत होती, नंतर कंटाळली आणि पायाने माती उकरू लागली. तो काढतच होता.

"पुरे की रे आता," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला, आणि फोन खाली केला नाही.