भानपट्ट्याचा लाल दिवा

खिडकीशी बसलेल्या रुक्मा गावितच्या कमरेच्या पट्ट्यावर लाल दिवा लागला, आणि डॉ. हेमांगी सबनीसचा चेहरा उतरला. सुरगाण्याच्या डोंगरातली ही मुलगी शहराच्या बसवर चालक म्हणून निवडली गेली होती. आता आरोग्य तपासणीतली भानपट्ट्याची चाचणी तेवढी राहिली होती. ती हुकली की नोकरी गेली.

चाचणीत सुई नाही, नळी नाही. पट्टा बांधून नेहमीसारखं हिंडायचं. मूत्राशय किती भरलं ते पट्टा ध्वनिलहरींनी मोजी. लघवीची जाणीव झाली की बाईनं पट्ट्यावरची कळ दाबायची. किती भरल्यावर जाणवतं, ते तिचं मूत्रभान; ते निरोगी बायकांच्या मापात बसलं नाही की लाल दिवा.

"हिला अर्धं भरायच्या आतच जाणवतं," सहकारी फरीद इनामदार म्हणाला. "अतिभान. नस बधिर केली तर पास होईल."

"मला कसलाच त्रास नाही, बाई," रुक्मा म्हणाली. "लागली का जाते. आमच्याकडं रान मोकळंच आहे."

हेमांगीला हसू आलं, पण धडधाकट पोरीची नस मारायला मन धजेना.

"फरीद, निरोगी कोण, हे आपण कुणावरून ठरवलं?"

"तक्रार नसलेल्या बायकांवरून. शिक्षिका, परिचारिका, इथल्या सगळ्याजणी. तूसुद्धा."

"त्यांच्या मूत्राशयाच्या भिंती पाहिल्यास?"

कुणी कशाला पाहतंय! फरीदनं त्या बायकांच्या चाचणीतल्या जुन्या प्रतिमा उघडल्या. बहुतेकींच्या भिंती जुन्या परकराच्या इलॅस्टिकसारख्या सैल पडल्या होत्या. रुक्माची मात्र छान लवचीक होती.

तक्रार येणार तरी कुठून? घरातून निघताना घोटभरच पाणी प्यायचं, बाहेर सोय नसते, असली तर तिला कुलूप. हेमांगी शाळेपासून हेच करत आली होती. दाबून दाबून नसेनंच बोलणं सोडलं होतं. सगळं गाव बहिरं, आणि ऐकू येणारीवर उपचार करायला निघालेलं! तिला स्वतःची लाज वाटली.

फरीदनं लवचीक भिंतीच्या बायकांनाच निरोगी धरून पट्टा नव्यानं जुळवला. रुक्माचा दिवा हिरवा झाला.

"म्हणजे मी पास?"

"पास. नापास आम्ही."

रुक्मानं पट्टा काढून दिला. हेमांगीनं तो सहज आपल्या कमरेला बांधला. लगेच लाल दिवा लागला: काठोकाठ भरलेलं. तिचा कळीकडे हातही गेला नव्हता. गेलेली जाणीव परत येत नसते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिचे डोळे भरून आले.

"बाई, जाऊन या ना," रुक्मा हळूच म्हणाली. "मी थांबते."

हेमांगी उठली. शपथेवर सांगितलं असतं तिनं, तिला लागलीच नव्हती.