निळा साबुदाणा वडा

"ओ मॅडम, थांबा! तो वडा खाऊ नका!"

कॅन्टीनमध्ये कोणी एवढ्या जोरात ओरडलं की माणूस दचकणारच. हातातला साबुदाणा वडा तोंडाशी येऊन थांबला. संकष्टी होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं... आणि समोर चष्मेवाला एक उंच मुलगा माझ्या बोटांकडे टक लावून उभा!

"बघा ना, निळा पडतोय."

खरंच की! बोटांना लागलेलं आयोडीन साबुदाण्याला चिकटलं होतं आणि वड्यावर माझ्या बोटांचे काळेनिळे ठसे उमटले होते. एम.एस्सी. केमिस्ट्री झालेली मी, आणि हाताचे डाग नीट न घालवता खायला बसले! लाजेने मेले नुसती.

"हात धुतले होते मी," मी ठोकून दिलं.

"वडा तसं म्हणत नाहीये," तो म्हणाला आणि असा हसला की माझं चिडायचंच राहून गेलं. मग डब्यातलं केळं काढून त्याने माझ्यापुढे ठेवलं. "हे घ्या. याला मी हात लावलाय, पण माझे स्वच्छ आहेत."

तो सम्यक. तो विक्रोळीचा, मी कांदिवलीची. अंधेरी एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये आम्ही दोघं सहा महिन्यांचे ट्रेनी. शेवटी पक्की व्हायची जागा मात्र एकच.

आठवड्याभरात 'मॅडम'ची दर्शना झाली आणि 'तुम्ही'चं 'तू'. सम्यकचं सगळंच सावकाश. चहासुद्धा फुंकून फुंकून प्यायचा.

"किती वेळ लावतोस रे!"

"तुला कसली एवढी घाई असते गं?"

"सगळ्याचीच!"

दुसऱ्याच महिन्यात मला तो आवडायला लागला होता. पण हा बाबा काही बोलेल तर शपथ!

शेवटच्या शुक्रवारी आमच्या चंद्रप्रकाश सरांनी दोघांपुढे एकेक बाटली ठेवली. "यात पॅलॅडियम धातू किती आहे ते पाचपर्यंत सांगा. आकडा बरोबर येईल, त्याची जागा."

काम तसं सोपं. पोटॅशियम आयोडाइड थेंब थेंब टाकायचं. पॅलॅडियम आणि आयोडीन जोडी जमवून काळीकुट्ट पावडर होऊन तळाशी बसतात. ती गाळायची, सुकवायची, तोलायची. मी पाच-सहा थेंब टाकले, कंटाळले आणि सरळ ओतलं.

काळी पावडर दिसली... आणि बघता बघता गायब! बीकरमध्ये नुसतं लालसर तपकिरी पाणी.

"सम्यक! गेलं रे सगळं! वाट लागली माझी!"

त्याची पावडर गाळायची बाकी होती. ती तशीच ठेवून तो धावत आला. "गेलं नाहीये. आयोडाइड जास्त झालं म्हणून विरघळलंय. तिथेच आहे ते. नायट्रिक आम्ल घालून तापवू, जास्तीचं आयोडीन उडून जाईल. मग पुन्हा कर. पण थेंब थेंब!"

"आणि तुझं?"

"माझं होईल गं."

वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात बीकर तापत ठेवला आणि काचेमागे जांभळी वाफ उठायला लागली. काय सुंदर रंग होता तो! आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून बघत उभे राहिलो.

"जांभळा तुला शोभतो," तो हळूच म्हणाला.

"गॉगल घातलाय मी. काय शोभणार, कपाळ!"

"गॉगलसकट शोभतो."

माझी नवी पावडर गाळून ओव्हनमध्ये जाईपर्यंत तो माझ्याजवळून हलला नाही.

पाचला सर आले. माझा आकडा बघून म्हणाले, "एकदम बरोबर! सम्यक, तुझा?"

"झालं नाही सर. उशीर झाला."

बस्स, एवढंच. त्याची पावडर अजून ओव्हनमध्ये ओलीच होती. नोकरी पक्की झाली की पेढे घेऊन येते, असं मी आईला सकाळीच सांगून आले होते. गप्प बसले असते तर जागा माझीच होती. पण त्याच्याकडे बघितलं आणि राहवेना.

"सर, मी घाईत सगळं ओतलं होतं. ते यानेच वाचवलं, म्हणून याला उशीर झाला. याची पावडर सुकेपर्यंत थांबा ना, प्लीज."

सर थांबले. तासाभराने सम्यकचा आकडाही बरोबर निघाला आणि जागा त्याला मिळाली. मला सर म्हणाले, "कांदिवलीत माझ्या मित्राची लॅब आहे. सोमवारी जाऊन भेट, मी फोन करतो. खरं बोलणारी माणसं त्याला हवीच असतात. मात्र थेंब मोजायला शीक!"

डोळे पुसत मी गेटबाहेर पडले, तर मागून सम्यक पळत आला. हातात कागदात गुंडाळलेला साबुदाणा वडा.

"आज संकष्टी नाहीये," मी म्हणाले.

"माहीत आहे. हातातली नोकरी सोडलीस! वेडी आहेस का?"

"आणि तू काय करत होतास? गप्प का उभा राहिलास सरांपुढे?"

"ते... म्हणजे... मला असं..."

"थेंब थेंब नको रे, ओत एकदाचं!"

"आवडतेस तू मला!" तो रस्त्यातच ओरडला. "त्या केळ्यापासून!"

रिक्षावाल्याने वळून बघितलं. बघू दे! माझ्या डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. "मला पण तू..." म्हणत मी वडा मोडायला धरला. एक बाजू त्याने धरली, एक मी. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्याचीही बोटं माझ्यासारखी तपकिरी झाली होती.

वडा दोन्हीकडून निळा पडला.

तो काही आम्हाला खाता आला नाही. गेटजवळच्या नळावर जाऊन आधी हात धुतले. त्याने माझे, मी त्याचे... अगदी सावकाश.