गेटवरच्या खोट्या तक्रारी

गेटवर नोंदी ठेवणारी ती, हरवलेला कंटेनर शोधत बंदराच्या यार्डात हिंडत होती. निळा कंटेनर आणि त्याचा नंबर, एवढंच तिला माहीत... आणि समोर निळ्याच कंटेनरांची उंच भिंत. खाऱ्या वाऱ्याने केस सारखे तोंडात जात होते. तेवढ्यात वरून आवाज आला,

"ताई, जरा बाजूला व्हा. हातातून काही निसटलं तर डोक्यात बसेल."

शिडीवर उभा राहून एकजण कंटेनरच्या दारावर टॅग बसवत होता.

"ताई कुणाला म्हणताय?"

"चुकलं," तो खाली उतरत म्हणाला. "मग काय म्हणू?"

"काही नको. माझा कंटेनर तेवढा शोधून द्या."

तो नवी यंत्रणा बसवायला आला होता. प्रत्येक कंटेनरला एक रेडिओ टॅग. गेटवरचं यंत्र हा टॅग लांबूनच वाचणार आणि कोणता कंटेनर आत आला, कोणता बाहेर गेला, ते तिच्या केबिनमधल्या पडद्यावर दिसणार. तिने सांगितलेला नंबर टाकून, हातातलं छोटं यंत्र रोखत तो टॅग लावून झालेल्या रांगेच्या टोकापर्यंत गेला. यंत्र वाजलं.

"हा घ्या तुमचा. आता तरी हसाल?"

ती हसली नाही. वळल्यावर मात्र हसली.

मग गेटचं यंत्र तपासायला तो रोजच केबिनमध्ये येऊ लागला. यंत्राला एवढ्या तपासणीची गरज नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. ती चहा पुढे करायची, तो कप घेताना बोटं उगाच रेंगाळायची...

आणि मग त्याच्या कंपनीच्या हेड ऑफिसची मॅडम आली.

मॅडम त्याच्याबरोबर शिकलेली. हेल्मेटसुद्धा तिला शोभत होतं. "अरे, शिडी धर ना," ती म्हणायची. "तू आधी खाली उतर," तो म्हणायचा. मॅडमला अरे-तुरे आणि आपल्याला अजून अहो-जाहो... काचेतून दोघं हसताना दिसली, तशी गेटवालीने फोन उचलून तक्रार नोंदवली.

"गेटचं यंत्र टॅग वाचत नाहीये."

तो धावत आला. यंत्र ठणठणीत होतं.

"आता वाचतंय की," तो म्हणाला.

"मघाशी नव्हतं वाचत."

दुसऱ्या दिवशी दोघं जेवायला बसली, पुन्हा फोन. मॅडमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पुन्हा फोन. तो दरवेळी आला, दरवेळी तपासून गेला.

घरी वहिनीने विचारलं, "कोण आहे ती?"

"कोण ती?"

"जिच्या नावाने माझी भांडी आपटते आहेस."

शुक्रवारी यार्डाच्या साहेबांनी तिघांना ऑफिसात बोलावलं. "गेटवरून इतक्या तक्रारी? ही यंत्रणा मला नको. उद्यापासून काम बंद."

मॅडम त्याच्याकडे वळली. "अरे, यंत्रात खरंच दोष आहे का? बोल ना."

तो मान खाली घालून उभा राहिला. "असेल," एवढंच म्हणाला.

म्हणजे उद्या हा जाणार. गेटवाली एक पाऊल पुढे झाली.

"यंत्र चांगलं आहे, साहेब," ती म्हणाली. "तक्रारी खोट्या होत्या. मी केल्या."

"का?"

ती मॅडमकडे पाहू शकली नाही. "ही दोघं एकत्र दिसली की... मला बघवत नव्हतं."

मॅडमने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. तिलाही काहीतरी हवं होतं, ते आता मिळणार नव्हतं. "यंत्रणा राहू द्या, साहेब," मॅडम शांतपणे म्हणाली आणि हेल्मेट उचलून बाहेर गेली.

साहेबांनी गेटवालीला चांगलंच फैलावर घेतलं आणि महिनाभर गेटवरून काढून यार्डात टाकलं. ती बाहेर आली तर तो जिन्यापाशी थांबलेला.

"खोटं आहे हे कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"पहिल्याच फोनला. यंत्र चालू आहे की बंद, ते मला बसल्या जागी दिसतं."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"तुझी नोकरी गेली असती."

त्याने 'तू' म्हटलेलं तिला जरा उशिराच जाणवलं.

"आणि दरवेळी धावत का आलास?"

तो कानापर्यंत लाल झाला.

"तू बोलावत होतीस म्हणून."