ऐकणाऱ्याची सीट

खुर्च्या अशा जवळ ओढा. मघापासून तिघंही माझ्या मागे लागला आहात की तुम्ही दाराशी उभी केलेली ती जुनी गाडी कुठल्या मॉडेलची. अरे, मी आयुष्यभर गाड्यांना रंग दिला, मॉडेल ओळखणं माझं काम नव्हे. ते काम भिंगाचं. त्याची गोष्ट सांगतो, मग तुम्हीच ठरवा त्या गाडीचं काय करायचं ते. ऐकीव नाही हो, काही त्याच्याच तोंडून आणि काही डोळ्यांदेखत. त्याचं वर्कशॉप आणि माझं रंगाचं दुकान, मधे एकच भिंत होती.

भिंग हे काही त्याचं खरं नाव नव्हे. शर्टाच्या खिशात कायम भिंग असायचं, म्हणून पडलेलं. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणारे पुष्कळ आहेत. पण हा गडी नुसता मागच्या दिव्याची काच बघून सांगायचा, की गाडी कुठल्या सालची, त्या मॉडेलच्या चार प्रकारांतला हा कुठला आणि आधीच्या मालकानं तिच्यात काय नसते उद्योग करून ठेवलेत. लग्नाला गेला तरी नवरानवरीच्या आधी बाहेरच्या सजवलेल्या गाडीला भेटून यायचा. कधी चुकला नव्हता, आणि तेच त्याच्या डोक्यात गेलं होतं.

त्याच्यासोबत धाकटा भाऊ असायचा. आंधळा. जन्माचा नव्हे. एकोणीस वर्षांपूर्वी एक बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. भिंग घाईत होता. "काढ रे त्या तारा," म्हणाला, पण चार्जर बंद करायचा राहिला होता. ठिणगी उडाली, बॅटरी फुटली आणि आतलं तेजाब त्या पोराच्या तोंडावर. तेव्हापासून भिंगानं भावाला जिवापाड जपलं. लग्न केलं नाही. वर्कशॉपच्या मागच्या दोन खोल्यांत दोघं राहायचे. धाकट्यानं त्याला त्या दिवसावरून एक शब्द कधी ऐकवला नाही, आणि भिंगाला तेच जास्त लागायचं.

धाकट्याचे कान मात्र विलक्षण. गाडी तयार झाली की भिंग चालवायचा आणि हा डावीकडे शेजारी बसून ऐकायचा. मान जरा खाली, हात मांडीवर. "मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय, दादा." "तिसरा व्हॉल्व्ह टकटकतोय." त्यानं हो म्हटल्याशिवाय गाडी मालकाच्या हवाली होत नसे. डावीकडच्या सीटला ते दोघं ऐकणाऱ्याची सीट म्हणायचे.

तर ऑक्टोबरात एका सकाळी भिंग एक गाडी बघायला गेला. एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं जुनं घर विकत घेतलं होतं, त्याच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ती सापडली. कागद नाहीत, काही नाही. बाईंना जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मांडायची होती, आणि तिथं प्रकार लिहून द्यावा लागतो. भिंगानं तासभर तिच्याभोवती प्रदक्षिणा घातल्या. समोरच्या जाळीच्या पट्ट्या अकरा. मागचे दिवे गोल. डॅशबोर्डवर घड्याळ. स्टिअरिंग उजवीकडे. "तिसरा प्रकार," तो म्हणाला. "फार थोड्या निघाल्या अशा. तुम्ही नशीबवान आहात, बाई." तसं त्यानं लिहून सही केली आणि गाडी नवी करायला वर्कशॉपमध्ये आणली. प्रदर्शनवाल्यांनी ते पुस्तिकेत त्याच्या नावानिशी छापलं.

चौथा प्रकारही हुबेहूब तसाच होता. फक्त स्टिअरिंग वेगळं, आणि डावीकडे. जिथं रस्त्याच्या उजव्या अंगानं वाहनं चालतात, तिकडे पाठवायला काढलेला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भिंग डावीकडचा पत्रा खरवडायला बसला. जुना गालिचा काढला, खालचा डांबरी थर काढला. इंजिन आणि आपले पाय यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्यावर बशीएवढं गोल ठिगळ निघालं. खाली आणखी दोन, लहान. आणि त्यांच्याखाली, जिथं टाच टेकते तिथं, पत्रा झिजून कागदासारखा झालेला. डाव्या बाजूला.

त्याला सांगायला कुणी लागत नव्हतं. स्टिअरिंग तिथून जायचं, पेडलं तिथून. कुणीतरी स्टिअरिंग फार सफाईनं डावीकडचं उजवीकडे करून घेतलं होतं, आणि तो फसला होता. मग त्यानं पुट्टी कालवली.

"दादा, काय भरतोयस?" धाकट्यानं पलीकडून विचारलं.

"गंज आहे."

"गंज खरवडल्याचा आवाज असा येत नाही."

"आता तू मला गंज शिकव," भिंग म्हणाला, आणि धाकटा हसला. पुट्टीवर रंग मीच मारला. मीही काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बुधवारी, चौदा तारखेला, दुकानं बंद झाल्यावर दोघं गाडी घेऊन बाहेर पडले. संध्याकाळचे सात. गावाबाहेरचा रिकामा रस्ता. गाडी लोण्यासारखी चाललेली. धाकटा मान खाली घालून ऐकत होता. मग त्यानं मान वर केली.

"दादा, ही झाडं केव्हा लावली?"

"कुठली झाडं?"

"ही. दोन्ही बाजूंना. बुंध्यांना पांढरा रंग दिलाय."

तिथं झाडं नव्हती. माळ होता. भिंगानं गाडी थांबवली. धाकट्याचे ते पांढरट डोळे समोर लागले होते आणि त्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "दिसतंय रे," तो म्हणत होता. "दादा, मला दिसतंय."

आता सांगा, भिंगानं काय करायचं होतं? एकोणीस वर्षं ज्या एका गोष्टीनं त्याला रात्रीची झोप लागू दिली नाही, ती गोष्ट भाऊ एका वाक्यात पुसून टाकत होता. त्याचाही बांध फुटला. दोघं त्या माळावर गाडीत बसून लहान पोरांसारखे रडले.

दुसऱ्या दिवशी ते डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी उजेड टाकून पाहिलं. काही फरक नाही म्हणाल्या. धाकट्यानं मनाला लावून घेतलं नाही. "त्यांच्या मशीनला काय कळतंय. संध्याकाळी जाऊ या."

गुरुवारी रस्ता आदल्या दिवशी तुटला तिथूनच पुढे सुरू झाला. झाडं संपली. तळं आलं. भिंग गाडी कुठंही वळवो, धाकटा आपल्याच रस्त्यानं चाललेला. तो कडेच्या घरांचे रंग सांगायचा, पाट्या सांगायचा. मग मधेच त्यानं विचारलं.

"एक विचारू? ही गाडी आपण रस्त्याच्या उजव्या अंगानं का चालवतोय?"

भिंगानं गिअर बदलला.

"सगळेच तसे चाललेत. आणि बॉनेटचं डावं टोक मला जवळ दिसतं, तुझ्याकडचं लांब. दादा, या गाडीचं स्टिअरिंग आधी डावीकडे होतं का?"

धाकटा काय विचारतोय ते भिंगाला पुरतं कळलं. भाऊ ज्या जागी बसला होता ती ऐकणाऱ्याची सीट नव्हती. ती चालवणाऱ्याची होती. आणि जे दिसत होतं ते त्या चालवणाऱ्याला दिसलेलं. हे मनात आलं, आणि त्याच्यामागोमाग पुस्तिकेतलं ते छापील पान आलं. आणि धाकट्याचं काल संध्याकाळचं तोंड. दोन्हींतल्या कशानं जीभ अडवली हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "मूळची उजवीकडचीच. मी लिहून दिलंय ना."

"मग बरंय," धाकटा म्हणाला. "म्हणजे डोळे माझेच."

शुक्रवारी तळं मागं पडलं. अंधारून आलं. म्हणजे धाकट्याच्या रस्त्यावर. तो आता मोकळेपणानं बोलत नव्हता, तुटक बोलत होता.

"फार वेगात चाललोय."

भिंगानं काट्याकडे पाहिलं. गाडी वीसच्या आत होती.

"मागं एक बाई बसलीय. आरशात दिसते. ती म्हणतेय, हळू चालवा."

भिंगानं आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. त्यावर नव्या कापडाचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. शेजारी धाकट्याचा उजवा पाय हळूहळू जमिनीत रुतत होता, काहीतरी दाबत असल्यासारखा. भिंगानं गाडी तिथंच फिरवली आणि घरी आणली.

रात्रभर त्याला झोप नाही. शनिवारी सकाळी तो कामाला लागला. बॅटरी काढली. गाडी उचलून चार लोखंडी घोड्यांवर ठेवली. चारही चाकं काढून भिंतीला लावली. स्टिअरिंगही काढून कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप घातलं. धाकट्याला म्हणाला, "गिअरबॉक्स उघडायचाय." सोमवारी बाईंकडे जाऊन सगळं कबूल करायचं आणि मग भावाला सांगायचं, असं त्यानं ठरवलं. सोमवारी. आधी भावाला, असं त्याच्या मनात आलं नाही.

तारीख सतरा जानेवारी. शनिवार. रात्रीचे साडेआठ. भिंगानं ताटं वाढली आणि हाक मारली. ओ आली नाही. मोरीत बघितलं. अंगणात बघितलं. मग मधलं दार उघडून तो वर्कशॉपमध्ये गेला.

दिवा लावला.

गाडी घोड्यांवर होती तशीच. चाकं भिंतीशी. धाकटा डाव्या सीटवर बसलेला. ताठ. दोन्ही हात समोर धरलेले, छातीच्या उंचीवर. मुठी वळलेल्या. हातांत काही नव्हतं.

"ये रे बाहेर. जेवण निवतंय."

"थांब, दादा. पूल आलाय."

"बाहेर ये."

"पलीकडे गाव आहे. दिवे दिसतात. एवढं बघू दे..."

भिंग दाराशी गेला. दार उघडेना. आतून लावलेलं नव्हतं. खिट्टी वर होती. तरी उघडेना. त्यानं काचेवर हात मारला. धाकट्यानं मान वळवली नाही. त्याचे हात जरा डावीकडे गेले. जरा उजवीकडे. जुन्या ड्रायव्हरसारखे, सवयीचे. एकोणीस वर्षांत, आणि त्याआधीही, त्या पोरानं कधी गाडी चालवलेली नव्हती.

"समोरून गाडी येतेय."

"ऐक..."

"माझ्याच बाजूनं येतेय. ती बाई ओरडतेय, दादा."

तेव्हा भिंग बोलला. काचेला तोंड लावून बोलला. "डावीकडे होतं. स्टिअरिंग डावीकडेच होतं रे. मी खोटं बोललो. ते डोळे तुझे नाहीत. मिट ते. मिट."



धाकट्यानं मान खाली केली. आपल्या हातांकडे पाहिलं. आंधळा माणूस बघतो तसं नाही. डोळस माणूस बघतो तसं.

"मग," तो हळूच म्हणाला, "हे हात कुणाचे?"

आणि ते हात गर्रकन उजवीकडे फिरले.

आवाज नाही. काही नाही. गाडी घोड्यांवर इंचभर हलली नाही. नंतर दार आपलं आपण उघडलं, बोटानं ढकलावं इतकं सहज.

भिंगाची हाक ऐकून मी भिंतीपलीकडून धावत गेलो. तेव्हा पाचेक मिनिटं झाली असतील. धाकटा गेलेला होता. डॉक्टर आले, हृदय बंद पडलं म्हणाले, तसं लिहून दिलं. अंगावर ओरखडासुद्धा नाही, असंही म्हणाले. पण मुठी तेव्हा मिटलेल्या होत्या, आणि त्या कुणी उघडून पाहिल्या नाहीत.

त्या आम्ही दोघांनी उघडल्या, त्याला पुसून घेताना. एकेक बोट करून. फार वेळ लागला. बोटांच्या आतल्या बाजूला काळेनिळे वळ उमटले होते. आडवे, सारख्या अंतरावर, प्रत्येक बोटाला एक खाच. पंजा घट्ट बसावा म्हणून कशाला तरी मागून खाचा पाडलेल्या असाव्यात, आणि ते जीव खाऊन धरलेलं असावं, तसे. मी म्हटलं, हे कसले? कपाटातलं स्टिअरिंग मी स्वतः पॉलिश केलेलं होतं. ते काचेसारखं गुळगुळीत होतं.

भिंगानं ते हात आपल्या हातात घेतले. वळांवरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता हा फुटेल. पण तो गाडी बघायला गेल्यावर बोलायचा त्याच आवाजात बोलला.

"अशा खाचा फक्त चौथ्या प्रकाराच्या स्टिअरिंगला होत्या," म्हणाला.