नव्वद लाखांना एक कमी

टिकल्या मोजून झाल्या : ८९,९९,९९९. खंड्याने पुन्हा मोजल्या. तेवढ्याच.

खंड्या हा चंद्रावरच्या तळावरचा यंत्रमानव. टिकल्या म्हणजे एक सेंटिमीटर बाजूचे चौकोनी आरसे. ओळीत तीन हजार, अशा तीन हजार ओळी लावल्या की सौरशीड (सूर्यप्रकाशाच्या दाबाने पुढे सरकणारे शीड) तयार होणार होते. पण एक टिकली तडकली होती आणि चंद्रावर कुणी जास्तीचे सामान पाठवत नाही.

“आबा, कोपऱ्यात एक भोक राहिलं तर काय बिघडतं?” शाल्मलीने विचारले.

“ओळ अपुरी राहिली की तिची कडी बसत नाही, आणि शीड उलगडताना फाटतं,” डॉ. उकिडवे, म्हणजे तिचे आबा, म्हणाले. हे शीड त्यांनीच आखले होते. “तीन तासांत सुटलं नाही, तर ज्याचे फोटो घ्यायला ते जाणार आहे, तो धूमकेतू गेला. तो परत येईल ऐंशी वर्षांनी. तेव्हा मी नसेन, आणि तू काठी टेकत येशील.”

“अपुरी ओळ काढून टाकू,” खंड्या म्हणाला.

“शहाणाच आहेस! २,९९९ टिकल्या कमी झाल्या तर प्रकाशाचा दाब पुरणार नाही.”

शाल्मलीने शंकरपाळ्यांचा डबा उघडला. नव्वद लाख डोळ्यांसमोर येत नाहीत, सोळा येतात. तिने चार-चारच्या चार ओळी मांडल्या आणि कोपऱ्यातला एक शंकरपाळा तोंडात टाकला. उरले पंधरा. शेवटच्या उभ्या ओळीत आता तीनच होते. तिने ते तिन्ही उचलून खाली आडवे ठेवले.

“आबा, बघा! पाच त्रिक पंधरा! एकही भोक नाही!”

आबा वाकले. “पंचवीस घे बरं.”

“एक कमी, चोवीस. सहा चोक चोवीस!”

“म्हणजे कुठल्याही वर्गातून (संख्येला तिनेच गुणून येणाऱ्या संख्येतून) एक काढला, की एक बाजू एकाने घटते, दुसरी एकाने वाढते.” आबांचा आवाज चढला. “२,९९९ गुणिले ३,००१! आणि या दोन्ही मूळ संख्या आहेत (एक आणि ती स्वतः, यांखेरीज कशानेच भाग न जाणाऱ्या). टिकल्यांची एकच लांबलचक रांग सोडली, तर या संख्येचा दुसरा आयतच होत नाही!”

“शिडाच्या चौकटीत बसेल?”

“दांडे सरकते आहेत, बोटभर सरकतात. खंड्या, शेवटची उभी ओळ उचल आणि खाली आडवी लाव!”

“सेकंदाला एक टिकली. पन्नास मिनिटं,” खंड्या म्हणाला. “शंकरपाळ्यांना हात लावू का?”

“खबरदार!” शाल्मली ओरडली. मग आबांकडे वळली. “धूमकेतूचा पहिला फोटो मला दाखवायचा हं.”

“तूच उघडायचास.”

पन्नास मिनिटांनी खंड्याने फीत लावली. लांबी ३० मीटर १ सेंटिमीटर. रुंदी २९ मीटर ९९ सेंटिमीटर. मोकळ्या जागा : शून्य.