दोनदा टक् म्हणजे पुन्हा

ही गोष्ट माझ्या घरात, माझ्यासोबत घडली आहे. विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. तेवढं त्राणच उरलेलं नाही. ऐकीव असती तर थोडं मीठमसाला लावून सांगितली असती. ही जशी घडली तशी सांगतोय.

गेल्या एप्रिलचा शेवटचा आठवडा. वेळ भर दुपारची.

हो, दुपारचीच. रात्री मी घरी नसतो. पावाच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, भट्टीच्या तोंडाशी. सकाळी परत येतो तेव्हा कानात पाव वाहणाऱ्या पट्ट्याची घरघर असते आणि डोळ्यांत मैदा. मग झोपायचं. पण त्या आठवड्यात मी झोपत नव्हतो. गिटार वाजवत होतो.

कारण दादाचं गाणं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लिफ्ट दुरुस्त करायचा. आदल्या वर्षी कामावरच, जेवणाच्या सुट्टीत बसल्याजागी गेला. डबा अर्धाच खाल्ला होता. त्याने स्वतः लिहिलेलं, स्वतः गायलेलं एक गाणं माझ्या कॉम्प्युटरमध्ये पडून होतं. आवाज पूर्ण रेकॉर्ड झालेला. फक्त गिटार राहिली होती. ती मी वाजवायची होती.

त्या आठवड्याच्या सुरुवातीला वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, पोरगी रविवारी प्रवेशपरीक्षेच्या क्लाससाठी हॉस्टेलला चाललीये. बाबांचं गाणं पूर्ण करून मिळेल का म्हणून विचारतेय. तुमच्याकडे थेट मागायला लाजतेय."

"करतो वहिनी," मी म्हणालो. नाही म्हणायची सोय होती का?

पहिल्या दिवशी मी सोपा रस्ता धरला. गिटारची वायर सरळ कॉम्प्युटरला जोडली आणि त्यातलाच एक तयार आवाज निवडला. गाणं पुतणीला पाठवलं. पोरगी बापावर गेलेली, गोड बोलणं तिला जमत नाही.

"काका, राग नको मानूस. पण बाबा माझ्यासमोर बसलेत आणि गिटार शेजारच्यांच्या टीव्हीत वाजतेय असं वाटतं."

राग कसला... खरंच होतं ते.

इलेक्ट्रिक गिटारचा खरा आवाज हवा तर अँप, म्हणजे गिटारचा स्पीकरचा खोका, मोठ्याने वाजवावा लागतो, त्याच्या स्पीकरसमोर माइक धरावा लागतो. इमारतीत ते कोण करू देणार? म्हणून दादा होता तेव्हा आम्ही दोघं भर दुपारी, वरचे-खालचे कामावर गेले की वाजवायचो. अँप आतल्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटात ठेवायचो, रजया आणि जुन्या कोटांच्या मधोमध. म्हणजे आवाज बाहेर कमी जातो आणि घुमतही नाही. मी बाहेरच्या खोलीत, लांब वायर घेऊन, कानाला हेडफोन लावून.

आणि दादा कपाटात.

खरंच सांगतो. एवढा दांडगा माणूस, रजयांवर मांडी घालून, दार ओढून घेऊन बसायचा. कानाला हेडफोन, हातात माइक. स्पीकरच्या मधोमध माइक धरला तर आवाज टोचतो. कडेला नेला तर रजईत तोंड खुपसून बोलल्यासारखा येतो. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बोटभर जागा असते, तिथे गिटार जिवंत होते. मी वाजवत राहायचो आणि तो ती जागा शोधत माइक हलवायचा. सापडली की स्टँडचा स्क्रू आवळायचा. त्याचा आवळलेला स्क्रू माझ्या हाताने कधी सुटला नाही, पक्कड लागायची. म्हणायचा, "लिफ्टवाल्याचा हात आहे. आमच्यात सैल स्क्रू म्हणजे माणसाचा जीव."

बोलला तर रेकॉर्डिंगमध्ये येईल म्हणून आमची एक खूण होती. कपाटाच्या लाकडावर बोटाने वाजवायचं. एकदा टक् म्हणजे झालं, छान. दोनदा टक् म्हणजे पुन्हा.

एक टक् मी जन्मात दोन-तीनदा ऐकला असेल. दादाला काही पसंत पडायचं नाही. ही खूण आमच्या दोघांपलीकडे कुणालाच ठाऊक नव्हती. वहिनींनाही नाही.

तो गेल्यापासून मी कपाट उघडलं नव्हतं. गुरुवारी उघडलं.

रजया तशाच होत्या. मधोमध दबलेल्या. खिळ्याला त्याचा हेडफोन.

मी त्या रजया झटकल्या नाहीत. का, ते मलाही सांगता येणार नाही.

आणि मग सुरू झाली धावाधाव. माइक लावायचा, दार बंद करायचं, बाहेर येऊन वाजवायचं, ऐकायचं. वाईट. पुन्हा आत जायचं, माइक जरासा सरकवायचा, पुन्हा बाहेर यायचं. रात्रभर भट्टीसमोर उभं राहून आलेला माणूस मी... पायांत गोळे आले होते. आवाज एकतर टोचत होता, नाहीतर कोंदट येत होता. शेवटी दाराशीच खाली बसलो. डोळे भरून आले. दमल्यामुळे की त्याच्या आठवणीने, काय माहीत. दोन्ही असेल.

आणि मी बंद कपाटाकडे बघून बोलून गेलो, "दादा, माझ्याने नाही होत रे. आता तूच बघ."

बोलायला नको होतं.

बाहेर येऊन पुन्हा वाजवायला घेतलं. पहिलं कडवं. आवाज तसाच, कोंदट...

दुसऱ्या ओळीला तो मोकळा होऊ लागला.

मी गिटारवरचं एकही बटण हलवलं नव्हतं. अँप तर आतच होता. आवाज हळूहळू उजळत गेला, जरा टोचला, मग किंचित मागे आला... आणि तिथे थांबला.

मला तो आवाज ओळखीचा होता. कुणीतरी माइक हलवत जागा शोधतंय.

माझी बोटं आपोआप चालत राहिली. गाणं संपलं. मी तार दाबून धरली. हेडफोनमध्ये शांतता.

मग...

टक् टक्.

मी हेडफोन काढून फेकला. वरचे-खालचे कुणी घरात नव्हते. पंखासुद्धा बंद होता, रेकॉर्डिंगसाठी.

मग आत गेलो आणि कपाट उघडलं.

कुणीच नव्हतं. पण माइक मी ठेवलेल्या जागी नव्हता. चांगला बोटभर मध्ये सरकला होता. स्टँड घसरला असेल म्हणून मी स्क्रू चाचपला...

हलेना. दोन्ही हातांनी पिळून पाहिला, तरी हलेना.

खिळ्याचा हेडफोन हातात घेतला. त्याच्या गाद्या कोमट होत्या. नुकताच कुणीतरी कानावरून काढावा तशा.

तुम्ही म्हणाल, पळून का नाही गेलास? पळणार कुठे? संध्याकाळी कामावर जायचं होतं. आणि खरं सांगू, भीतीइतकाच मला रागही आला होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्या दादाची मेल्यावरही गेली नव्हती. इतकं छान वाजवलं, तरी याचं आपलं पुन्हा!

ते रेकॉर्डिंग लावून ऐकलं. आवाज उजळत गेलेला त्यात स्पष्ट होता. शेवटची टकटक मात्र नव्हती. तिथे नुसती शांतता.

शुक्रवारी पुन्हा वाजवलं. टक् टक्. शनिवारी वाजवलं. टक् टक्. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. बोटांची सालं निघाली. कारखान्यात उभ्या-उभ्या पेंग येऊन पावाचा एक अख्खा ट्रे माझ्या हातून पडला. सोबतचा भट्टीवाला म्हणाला, "घरी जाऊन झोप रे बाबा, भूत बघितल्यासारखा दिसतोयस."

शनिवारची शेवटची टकटक झाली तेव्हा मी दाराबाहेरूनच ओरडलो, "बस झालं दादा! तिची गाडी सकाळची आहे!"

आतून काही आलं नाही.

मी त्यातल्या त्यात चांगलं वाटलं ते निवडलं आणि गाणं पुतणीला पाठवून दिलं. दादाने पसंत केलेलं नसताना.

वहिनींनी ऐकलं. फोनवर एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, अगदी घरात वाजल्यासारखं वाटलं हो." पोरगी गाणं घेऊन गेली. मी दिवसभर मेल्यासारखा झोपलो.

सोमवारी मी सहज कपाटाजवळ गेलो. हेडफोन गार होता.

मंगळवारीही गार. थोडं वाजवून पाहिलं. आवाज सुरुवातीला जसा, शेवटी तसाच. टकटक नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ती शांतता काही बरी वाटेना. आतून कुणी उठून गेल्यासारखी होती.

गुरुवारी पुतणीचा फोन आला.

"काका, गाण्याच्या शेवटी ती टकटक मुद्दाम ठेवलीस का?"

"कुठली टकटक?"

"अरे, गिटार थांबते ना, मग दोनदा टक् टक् होतं. छान वाटतं, बाबा दार वाजवतायत असं. पण काका..."

"काय?"

"आता मी गाणं बंद केलं तरी येतंय."



"कुठून येतंय?"

"माझ्या कपाटातून. रूममेटला वाटतं मीच करते. दुपारी येतं, आम्ही जेवून आलो की."

उगाच म्हणालो, लाकूड नवीन असेल, उन्हाने तडकत असेल. फोन ठेवला आणि दोन दिवस रजा टाकली. एकच डोक्यात होतं. दादा गाण्यासोबत गेलाय. त्याला पसंत पडेल असं वाजवून पाठवलं, तरच तो पोरीच्या खोलीतून निघेल. नेमकी ती आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर राहत होती. मी रडकुंडीला येऊन वाजवलं. पण कपाट ढिम्म. ऐकायलाच कुणी नव्हतं, तर पसंत कोण करणार?

शनिवारी दुपारी मीच तिला फोन लावला. म्हटलं, गाडी पकडतो आणि येतो तिकडे.

तर ही हसत होती.

"नको येऊस काका. थांबलं ते."

"थांबलं? कसं?"

"काल पुन्हा सुरू झालं. परीक्षेचं वाचत होते, चिडलेच. उठले आणि मीही कपाटावर वाजवलं."

"किती वेळा?"

"अं?"

"किती वेळा वाजवलंस? नीट आठव."

"एकदाच. टक्. का रे? त्यानंतर आलंच नाही."

तिला खुणेचा अर्थ मी आजवर सांगितलेला नाही.

फोन ठेवून मी आतल्या खोलीत गेलो. कपाट उघडलं. माइकची मान खाली झुकली होती. मी स्क्रूला बोट लावलं... नुसतं बोट...

स्क्रू सैल होता.

आणि रजया फुगून सारख्या झाल्या होत्या. मधला खळगा गेला होता.

मी तिथेच बसून रडलो आणि रडता रडता झोपलो. गुरुवारच्या फोननंतरची ती पहिली धड झोप.

याला आता वर्ष होईल. पुतणी मजेत आहे. गाणं रोज ऐकते म्हणते. शेवटी नुसती शांतता असते.

मला मात्र या गाण्यासाठी तो एक टक् कधी मिळाला नाही. म्हणून एखाद्या दिवशी कामावरून आलो की मी कपाटावर दोनदा वाजवतो. आणि लगेच बाहेरच्या खोलीत येऊन पंखा जोरात लावतो. उत्तर आलंच, तर ते ऐकायचंय की नाही, हे माझं अजून ठरत नाही.